ट्रायजचा निर्णय बरोबर होता, हे ठरवायचं कशावरून?

आपत्कालीन विभागात कोणाला लगेच आत घ्यायचं आणि कोणाला बाकावर बसवायचं, हे ट्रायज नर्स काही मिनिटांत ठरवते. हातात तपासणीचा एकही रिपोर्ट नसतो. तो निर्णय किती अचूक होता, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

मूळ पद्धत रणांगणावरची. नेपोलियनच्या सैन्यातले सर्जन दोमिनिक लारे यांनी हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावला. क्रिमियन युद्धात निकोलाय पिरोगोव्ह यांनी जखमींचे गट पाडले. नागरी रुग्णालयांत ट्रायज रुळलं ते १९६० च्या दशकापासून, आणि अमेरिकेत पुढची कित्येक वर्षं तातडीच्या तीन ढोबळ पातळ्यांवरच भागवलं गेलं. १९९८ मध्ये रिचर्ड वुर्झ आणि सहकाऱ्यांनी त्या पातळ्यांची परीक्षा घेतली. तेच पाच कागदी रुग्ण त्याच लोकांपुढे काही आठवड्यांनी पुन्हा ठेवले, तर पाचही रुग्णांना आधी दिलेलीच पातळी पुन्हा देणारे निघाले जेमतेम २४ टक्के. दोघींचं एकमत होणं दूरच, एकीचंच स्वतःशी जुळत नव्हतं!

पाच पातळ्यांकडे ऑस्ट्रेलिया आधीच वळला होता. तिथली राष्ट्रीय श्रेणी १९९३ ची. रुग्णाला किती वेळात बघायला हवं, त्यावरून पातळ्या : तत्काळ, १०, ३०, ६० आणि १२० मिनिटं, म्हणजे पहिली सर्वांत तातडीची. इंग्लंडमध्ये मँचेस्टर पद्धत आली, कॅनडाने १९९९ मध्ये स्वतःची आणली. वुर्झ आणि डेव्हिड आयटेल यांनी अमेरिकेसाठी ईएसआय (इमर्जन्सी सिव्हेरिटी इंडेक्स) ही पाच पातळ्यांची पद्धत बांधली. तिच्यात जीव वाचवायला आत्ता काही करावं लागेल का, हा पहिला प्रश्न. थांबणं धोक्याचं आहे का, हा दुसरा. त्यानंतर किती तपासण्या-उपचार लागतील याचा अंदाज, आणि नाडी, श्वास, ऑक्सिजन बिघडलेले असतील तर पातळी अधिक तातडीची.

आता नुसती मळमळ आणि घाम सांगणारी मधुमेही बाई घ्या. छातीत दुखत नाही, चालत आली आहे. तिसरी पातळी दिली आणि पुढे हृदयविकाराचा झटका निघाला, तर ती अंडरट्रायज. दुसरी दिली आणि निघालं साधं अपचन, तर ओव्हरट्रायज. हिशेबात दोन्ही चुकाच, पण माझ्या मते त्यांना एकाच तराजूत घालणं अन्यायाचं आहे.

२०२३ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या २१ आपत्कालीन विभागांतल्या ५३ लाखांवर भेटींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२.२ टक्के निर्णय चुकीचे ठरले. त्यांतला मोठा वाटा ओव्हरट्रायजचा, २८.९ टक्के. अंडरट्रायज ३.३ टक्के. आकडा लहान दिसतो खरा, पण ज्यांना पुढे जीवरक्षक उपचार लागले त्यांच्यापैकी पहिली किंवा दुसरी पातळी मिळाली होती ६५.९ टक्क्यांनाच. अर्थात हा निवाडा पुढे रुग्णाला काय काय करावं लागलं ते बघून केलेला आहे, आणि ट्रायजच्या टेबलावर ते कोणालाच ठाऊक नसतं.