डोळ्यात कॅन्सर पसरला म्हणजे डोळा काढायचा, असं कुणी सांगितलं?

चवथीच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट, बांधायला आल्या होत्या, वर बघत म्हणाल्या, अरे ही काठी वाकलीय, बदल ती. काठी एकदम सरळ होती. मी त्यांना डावा डोळा झाकायला सांगितला, तर सरळ, उजवा झाकला की परत वाकडी. चष्म्याचा नंबर त्याआधी दोनदा बदलून झाला होता, पण सहा वर्षांपूर्वी त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय हे दुकानात ना कुणी विचारलं ना कुणी सांगितलं. मग डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, पडद्यामागे पिवळसर उंचवटा दिसला, सोनोग्राफी झाली आणि कळलं की कॅन्सर डोळ्यात आलाय. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाड्यावर एकच, आता काकूंचा डोळा काढणार. हे ऐकून मला राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

मोठ्या माणसांच्या डोळ्यात जे कॅन्सर सापडतात त्यात दुसरीकडून आलेलेच जास्त. त्यातले साधारण निम्मे स्तनाचे आणि पाचातला एक फुप्फुसाचा. आणि दहातल्या जवळजवळ नऊ वेळा ते एकाच थरात बसतात, तो म्हणजे कोरॉइड, शाळेच्या पुस्तकातलं रंजितपटल. बाहेरचं पांढरं श्वेतपटल आणि आतला दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याचा पडदा, यांच्या मधला, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा थर.

तिथेच का, तर रक्त. डोळ्याला मिळणाऱ्या रक्तातलं ८५ टक्के या पातळ थरात जातं, कारण त्याच्यावर टेकलेल्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशींना ऑक्सिजन प्रचंड लागतो. दृष्टिपटलाच्या आतल्या भागाला एकच मुख्य धमनी, कोरॉइडला मात्र मागून १० ते २० बारीक धमन्या येतात, त्यामुळे रक्तातून भटकणारी पेशी इकडेच येण्याची शक्यता जास्त. स्तनातून सुटलेली पेशी आधी शिरेतून हृदयात जाते, मग फुप्फुसाच्या केशवाहिन्यांच्या चाळणीतून पार व्हावं लागतं आणि मगच मानेतून वर डोळ्याकडे. फुप्फुसातल्या कॅन्सरची पेशी त्या चाळणीच्या पलीकडेच असते, ती थेट हृदयाच्या डाव्या बाजूला उतरते. म्हणून काही लोकांना फुप्फुसात कॅन्सर आहे हे आधी डोळ्याचे डॉक्टर सांगतात. अर्थात नुसतं पोचून भागत नाही, रुजावंही लागतं. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्लिश सर्जननं १८८९ मध्येच मांडलं होतं की बी सगळीकडे उडतं पण मानवेल त्याच मातीत उगवतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कोरॉइडच्या केशवाहिन्या रुंद असतात आणि त्यांच्या भिंतींना बारीक बारीक खिडक्या असतात, त्यातून पाणी, प्रथिनं, पोषण बाहेर झिरपतं. दृष्टिपटलाच्या स्वतःच्या वाहिन्या मात्र मेंदूतल्या वाहिन्यांसारख्या घट्ट बंद. दोघांच्या मध्ये रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एक थर असतो. आपली खाजन शेती डोळ्यासमोर आणा, खाडीचं पाणी एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला आणि मध्ये बांध. कोरॉइड म्हणजे खाडी, दृष्टिपटल म्हणजे शेत, आणि हा पेशींचा थर म्हणजे बांध, जो शेतात शिरलेलं पाणी सतत परत खाडीत उपसतो. गाठ वाढली की बांधाची ताकद कमी पडते, दृष्टिपटलाखाली पाणी साचतं, तो उचलला जातो आणि सरळ काठी वाकडी दिसते. दुखत मात्र बहुतेकदा काहीच नाही, म्हणून लोक चष्म्यावर ढकलतात.

आणि उपचाराची चांगली बातमीही ह्याच खिडक्यांमधून येते. गाठ बांधाच्या खाडीकडच्या बाजूला आहे, त्यामुळे रक्तातून दिलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतं. केमो असो, स्तनाच्या कॅन्सरच्या हार्मोनच्या गोळ्या असोत की फुप्फुसाच्या कॅन्सरमधला नेमका बिघाड तपासून दिलेल्या टार्गेटेड गोळ्या असोत, शरीरातली गाठ आक्रसते तशी डोळ्यातलीही आक्रसू शकते, डोळ्याला हातही न लावता. नजर धोक्यात असेल, औषधाची वाट बघायला वेळ नसेल तर बाहेरून रेडिएशन, साधारण ३० ते ४० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), दोन ते चार आठवड्यांत थोडं थोडं करून, चेहऱ्यावर मापाचा जाळीदार मास्क घालून. एकच छोटी गाठ असेल तर रुथेनियम-१०६ ची वाटीसारखी चकती काही दिवस डोळ्याच्या बाहेरून शिवून ठेवतात, तिचे किरण काही मिलिमीटरच आत जातात. ही चकती आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानंही बनवलीय, तीही अणुइंधनाच्या कचऱ्यातून वेगळ्या काढलेल्या रुथेनियमची, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. डोळा काढायची वेळ क्वचितच येते, आंधळा झालेला डोळा असह्य दुखायला लागला तर वगैरे.

काकूंची मीठमिरच्यांनी दृष्ट काढून झाली, कुणीतरी डोळ्यात मध घालायलाही सांगितलं. मध तिथे पोचतच नाही हो, गाठ पडद्याच्या मागे आहे! आणि केमो चालू असताना प्रतिकारशक्ती कमी असते, अशा वेळी डोळ्यात काहीबाही घालून इन्फेक्शन झालं तर डोळा खरोखरच जाईल.

डोळ्यावरच्या उपचारानं मूळ कॅन्सर बरा होत नाही, म्हणून डोळ्यात सापडला की मेंदूसकट सगळं शरीर परत तपासतात. काकूंचंही तपासलं, हाडांत दोन जागी आहे, गोळ्या चालू आहेत. डोळ्याचं रेडिएशन संपून चार महिने झाले, पडद्याखालचं पाणी ओसरलंय. काठी अजून किंचित वाकडी दिसते म्हणतात, पण पेपर दोन्ही डोळ्यांनी वाचतात.