‘ज्याचं लवकर ठरलं तो पक्का’ हा समज का चुकीचा

घरी माळकरी वळण, जळगावच्या कॉलेजात डाव्या-उजव्या संघटनांची ओढाताण, घरात अहिराणी आणि वर्गात प्रमाण मराठी. अशा पोराला खान्देशात लगेच ‘भरकटलेला’ ठरवतात. उलट अठराव्या वर्षीच झेंडा निवडलेला तो ‘पक्का’.

तरुणपणी ‘मी कोण’ ही ओळख कशी घडते, याविषयीच्या मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मांडणीवरून मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी 86 महाविद्यालयीन तरुणांच्या मुलाखती घेतल्या; तो अभ्यास 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होते व्यवसाय, धर्म, राजकारण. त्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या: पर्याय खरंच चाचपले का, आणि काही ठरवलं का. न चाचपता ठरवलेले तरुण वरून ठाम दिसतात. पण हुकूमशाही मूल्यांकडे त्यांचाच कल जास्त आढळला आणि अपयश आलं तरी ते अवास्तव ध्येय सोडेनात. चाचपणारे अस्वस्थ असतात, हे खरं. पण विचार करून बांधिलकी स्वीकारण्याआधी बहुधा हाच टप्पा येतो. (नमुन्यात फक्त मुलगे होते, ही मर्यादा आहेच.)

म्हणून नुसतं ‘तू कोणत्या बाजूचा?’ विचारून काही कळत नाही. ‘दुसरी बाजू कधी गंभीरपणे तपासलीस? काय दिसलं तर मत बदलशील?’ असं विचारा. घरातल्यांचं किंवा नेत्याचं वाक्य जसंच्या तसं परत आलं, तर मत अजून उसनं असण्याची शक्यता जास्त.

मात्र प्रत्येक गोंधळ म्हणजे शोध नव्हे. काही जण चाचपतही नाहीत, ठरवतही नाहीत. काही त्याच प्रश्नाभोवती महिनोन्‌महिने फिरतात. त्यांना आणखी भाषणं नकोत. एखादं शिबिर, सुट्टीतलं काम, असा मुदतीचा प्रत्यक्ष अनुभव द्यावा. आणि ‘आजच ठरव’ हा घरचा धोशा थांबवावा, कारण त्या दबावाखाली पोरं हाताशी असलेलीच ओळख उचलतात.