जुनी फियाट घरी दुरुस्त करायला घेताना

वडिलांची किंवा आजोबांची फियाट सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे, असे सांगत आमच्या वर्कशॉपला येणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. गाडी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. 1964 ला डिलाइट, पुढे प्रेसिडेंट, मग पद्मिनी. नावे बदलली, 1089 सीसीचे साधे, समजायला सोपे इंजिन राहिले. म्हणूनच हे काम घरी जमते.

मुंबईत कामाचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. दसऱ्याला हात घाला आणि एप्रिलअखेर पत्र्याचे काम संपवा. एका वर्षी आम्ही मे महिन्यात एका गाडीचा फ्लोर (तळाचा पत्रा) कापला, तेवढ्यात वेल्डर गावी गेला. पहिल्या सरीनंतर घासून चकचकीत केलेला पत्रा पुन्हा लाल झाला. सगळे काम दुसऱ्यांदा केले. त्याचे पैसे घेतले नाहीत, पण ग्राहकाचे चार महिने वाया गेलेच. तेव्हापासून एकच नियम: जेवढा पत्रा घासाल, तेवढ्याला त्याच संध्याकाळी प्रायमर मारा. इथल्या दमट, खाऱ्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत रंग बदलतो.

सुरुवात रंगापासून करू नका. आधी मॅट उचला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोर ठोकत जा. चांगला पत्रा टणकन वाजतो, गंजलेला बद्द वाजतो. तिथे टोक दाबले आणि आत गेले, तर तो भाग कापून नवा पत्रा लावावा लागेल. दारांखालचे फूटबोर्ड, बॅटरीचा ट्रे आणि डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, पाणी साचते ते इथेच. मग फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक बॉडीवरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे आधीच्या कुणीतरी लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरली आहे. लांबीवर मारलेला रंग दोन पावसाळ्यांत फुगतो.

वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी टॉप गिअर टाकून गाडी हळूच पुढे-मागे ढकला. इंजिन फिरले, तर अर्धी चिंता मिटली. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र सगळेच्या सगळे बदला: आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जुने रबर त्याने फुगते, चिरते, आणि गळती होते ती गरम इंजिनावर. ब्रेकचे काम आणि वेल्डिंग घरी नको, ते आमच्याकडे द्या.

सुटा केलेला प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावा. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, वायरिंगचे तर दहा काढा.

हौसेचे बदल जरूर करा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन (प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा), बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले (स्विचवरचा भार कमी करणारा), पुढे सीटबेल्ट: यांनी रोज चालवणे सोपे होते. डॅशबोर्ड कापून मोठा स्क्रीन बसवायला मात्र आम्ही नकार देतो, कारण तो पत्रा परत मिळत नाही. स्टीअरिंगवरचा गिअरही खाली आणू नका. या गाडीची ओळखच ती आहे.

कागदांचेही बघा. रंग बदलला, तर आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. दुसरे इंजिन बसवायचे, तर परवानगी आधी. घासताना चेसिस नंबरवर चिकटपट्टी लावा, तो पुसला गेला तर मोठा त्रास होतो. गाडी 50 वर्षांहून जुनी असेल, तर 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करता येते. पण मूळ बांधणीत मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही आणि अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रोज चालवायची की जपून ठेवायची, हे घरात आधी ठरवा.

वर्कशॉपला येताना आरसीची झेरॉक्स आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो आणा. फ्लोरचा फोटो मॅट उचलून काढा.