आठ पट पाण्याचा हिशेब

मैलाशुद्धीकरण प्रकल्प चोख चालतोय आणि तरीही नदी काळी ती काळीच, असं होऊ शकतं का? होऊ शकतं. त्यामागचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे.

नदीत मैलापाणी शिरलं की जिवाणू त्यातल्या सेंद्रिय घाणीवर तुटून पडतात आणि ती खाता खाता पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. माशांच्या वाट्याला काही उरत नाही. एक लिटर पाण्यातली घाण फस्त करायला जिवाणूंना किती मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, तो आकडा म्हणजे बीओडी. शहरी मैलापाण्यात तो साधारण 200 ते 300 असतो. नदी आंघोळीलायक म्हणायची तर 3 च्या वर जाता कामा नये.

प्रकल्पात वेगळं काही घडत नाही. काम जिवाणूंचंच, फक्त हवा आपण ब्लोअर लावून पुरवतो. 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी एक साधी युक्ती केली. मैलापाण्यात हवा सोडून झाल्यावर तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही, पुढच्या खेपेच्या पाण्यात तसाच ठेवला. पहिल्या खेपेला आठवडे लागले होते. जिवाणूंनी भरलेला गाळ साठत गेला तसं तेच काम काही तासांत उरकू लागलं. आजही बहुतेक शहरं याच युक्तीवर चालतात.

टाकीची तब्येत ओळखायला फार यंत्रं लागत नाहीत. पाणी चॉकलेटी, वास ओल्या मातीचा, म्हणजे ठीक. हवा कमी पडली की रंग काळवंडतो आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. ऑपरेटर एक लिटरचं नळकांडं भरून अर्धा तास ठेवतो आणि गाळ किती खाली बसला ते बघतो. सूक्ष्मदर्शकाखाली देठावरच्या घंटेसारखे इवले जीव दिसले की तोही खूश.

आता ते गणित. 1912 साली ब्रिटनच्या शाही आयोगाने ठरवलं की सोडलेल्या पाण्याचा बीओडी 20 पर्यंत चालेल. पण त्याला एक अट होती, आणि ती आपण सोयीस्कर विसरतो: नदीत त्याच्या किमान आठ पट स्वच्छ पाणी हवं. एक भाग 20 चं आणि आठ भाग 2 चं पाणी मिसळलं, की सरासरी येते 4. तेवढं नदी पचवते, असा त्यांचा हिशेब.

हे आता पुण्यात मांडून बघा. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला या धरणांत मुठेचं पाणी अडतं आणि तिथून शहराला नि कालव्याला जातं. उन्हाळ्यात खडकवासल्याच्या खाली नदीचं स्वतःचं पाणी जवळजवळ नसतंच. आठच्या जागी शून्य घाला, उत्तर येतं 20. मर्यादा कडक करून 10 वर आणली तरी आंघोळीच्या पाण्याच्या तिपटीहून जास्तच. 2016 मध्ये जपानच्या साह्याने 11 नव्या प्रकल्पांची योजना मंजूर झाली, क्षमता रोज 39.6 कोटी लिटर. ती हवीच, कारण काहीच शुद्ध न केलेल्या पाण्याची याच्याशी तुलनाच नको. पण पातळ करायला पाणी कुठून आणणार, हे ती योजना सांगत नाही.

शिवाय बीओडी उतरला म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस गेले असं नव्हे. ते काढायला वेगळे टप्पे लागतात. एरवी ते भीमेतून उजनीपर्यंत पोचतात आणि जलपर्णीला नि शेवाळाला आयतं खत मिळतं. ते पाणी पुढे सोलापूर पितं.

पुण्यातच मुंढव्याला जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, नदीचं पाणी उचलून धरणाच्या पाण्याऐवजी ते बेबी कालव्याने शेतीला देतात. पिकाला तेच नायट्रोजन-फॉस्फरस उपयोगी पडतं, पाणी नीट शुद्ध झालेलं असेल तर. मात्र या अदलाबदलीत धरणात जे पाणी वाचतं ते शहराच्या नळाला जातं. त्यातला थोडा वाटा मुठेत वाहता ठेवल्याशिवाय प्रकल्पांवरचा खर्च नदीत दिसणार नाही.