जाताना आठ तास, येताना सात

लंडन ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे ५,५०० किलोमीटर आहे. जाताना साधारण आठ तास लागतात आणि परत येताना सातच्या आसपास. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असं होतं, असा पुष्कळांचा समज असतो. पण मग पश्चिमेकडे निघालेलं विमानच लवकर पोचायला हवं, कारण न्यूयॉर्क त्याच्या दिशेने सरकत असतं! पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, त्यामुळे असा फुकटचा फायदा कोणालाच मिळत नाही.

खरं कारण आहे जेट स्ट्रीम. जमिनीपासून साधारण दहा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमक्या विमानांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा जोरदार वारा. कधीकधी तो ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्याची मोजणी केली होती. मात्र निष्कर्ष त्यांनी एस्पेरांतो या फार थोड्यांना येणाऱ्या कृत्रिम भाषेत छापले, त्यामुळे जगाचं त्याकडे फारसं लक्षच गेलं नाही.

विमानाचा वेग मोजायचा तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत. समजा, तो ताशी ९०० किलोमीटर आहे आणि वारा १५०चा. वारा पाठीशी असेल तर जमिनीवरून पाहता वेग १,०५०. ५,५०० किलोमीटरला सुमारे ५ तास १५ मिनिटं. तोच वारा समोरून आला की वेग ७५० वर येतो आणि ७ तास २० मिनिटं लागतात. गंमत अशी, की जाण्यायेण्याची बेरीज केली तर वारा नसतानाच्या वेळेपेक्षा ती वीसएक मिनिटांनी जास्तच भरते. येताना कमावलेलं जाताना गमावलेल्याची भरपाई करू शकत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेलं असतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरवर गेला होता. तरी ध्वनीच्या वेगाची मर्यादा काही ओलांडली गेली नाही, कारण भोवतालची हवाच त्याच्यासोबत धावत होती.

अंतराचंही तसंच फसवं आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर लंडन–लॉस एंजेलिस मार्ग अटलांटिकच्या मधोमध दिसतो; गोलावर दोरा ताणून धरा, तो ग्रीनलंडवरून जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, पण तो मिळेलच असं नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांसाठी बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो हा साधारण साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला आणि काही विमानं थेट उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली.