व्यसनमुक्तीच्या उपचारांमुळे गुन्हा दाखल होत नाही

‘पोराला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, की पोलिसांत नाव जातं आणि केस होते’, ही समजूत नाशकात जुनीच आहे. शिंदे गावातील मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, म्हणजे ‘एमडी’चा, कारखाना ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडकीस आणल्यावर तिला धास्तीचीही जोड मिळाली. समजूत चुकीची आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार व्यसनाधीन रुग्णाची माहितीही, मोजके अपवाद वगळता, गोपनीय ठेवावी लागते. शिवाय अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याचे कलम ६४-अ सांगते, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थाच्या गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती शासकीय वा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. मेफेड्रोनसाठी अल्प प्रमाण २ ग्रॅमपर्यंतचे, तर ५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण धरून किमान १० वर्षांची सक्तमजुरी होते. बड्या विक्रेत्याला ही सवलत नाही, आणि नसावीच. खरा धोका घरच्यांच्या गप्प बसण्यात आहे, कारण तोवर मुलगा उधारी फेडण्यासाठी दुसऱ्याचा माल पोहोचवू लागतो आणि मोठ्या साठ्यासह सापडला, तर कलम ६४-अ त्याच्या कामी येत नाही. विचारपूस करायची असल्यास १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन विनामूल्य आहे.