बोअर बंदुकीचा, नंबर छर्ऱ्यांचा

निफाड-दिंडोरीकडे ज्या घरात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी दुनळी आहे, तिथे काडतुसाच्या डबीवरचे दोन आकडे हमखास एकमेकांत मिसळतात. डबीवर असतं १२ आणि ६. ‘बारापेक्षा सहा बारीक,’ असं कुणीतरी ठासून सांगतं आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो.

१२ हा बोअर: बंदुकीची नळी केवढी रुंद ते तो सांगतो. ६ हा छर्ऱ्याचा नंबर: आत भरलेले शिशाचे दाणे केवढे ते सांगतो. दोघांचा आपसांत काही हिशेब नाही. ६ नंबरचे छर्रे १२ बोअरच्या काडतुसातही येतात, २० बोअरच्याही. दाणा तोच, २० मध्ये साधारणपणे कमी मावतात एवढंच.

घोळाचं मूळ असं की दोन्हीकडे आकडा वाढला की वस्तू लहान होते. बोअरचं कारण तरी सरळ आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी १२ बोअरची, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस पाडल्या तर गोळी लहान, नळी १५.६. (देवळालीत तोफखान्याची भाषा ऐकत वाढलेला माणूस इथे जास्तच गडबडतो. २५ पाउंडर तोफेतला आकडा गोळ्याच्या वजनाचा, त्यामुळे तिथे आकडा मोठा तर तोफ मोठी.) ‘४१० बोअर’ मात्र या गणितात बसवायला जाऊ नका, ते सरळ ०.४१० इंच, म्हणजे १०.४ मिलिमीटर आहे.

छर्ऱ्यांचं प्रकरण जास्त किचकट. आपल्याकडे मोठ्या छर्ऱ्यांच्या मापांना असलेली एलजी, एसजी, एएए, बीबी ही अक्षरं इंग्रजी पद्धतीतली. त्या पद्धतीत ६ नंबरचा दाणा २.६ मिलिमीटरचा आणि एका औंसात असे सुमारे २७०. ४ नंबर ३.१ मिलिमीटर, औंसात १७०. बीबी ४.१ मिलिमीटर, औंसात ७०. एसजी ८.४ मिलिमीटर, औंसात जेमतेम आठ! अमेरिकी पद्धत याहून वेगळी. तिथे बारीक छर्ऱ्यांसाठी १७ मधून नंबर वजा करायचा. उरतात ते इंचाचे शंभरावे भाग. ६ नंबरला उरले ११, म्हणजे २.८ मिलिमीटर. इंटरनेटवर सापडणारे तक्ते बहुतेक अमेरिकी असतात, तेव्हा ते पाहून इथली डबी वाचू नये. त्यात पुन्हा अमेरिकेत ४ नंबर दोन आहेत: पाखरांसाठीचा ३.३ मिलिमीटरचा आणि ‘बकशॉट’मधला (हरणासारख्या मोठ्या जनावरांसाठीच्या जाड छर्ऱ्यांतला) ६.१ मिलिमीटरचा. मला विचाराल तर सरळ मिलिमीटरच छापावेत. ट्रॅप-स्कीटच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या टिपण्याच्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत छर्ऱ्याची मर्यादा २.६ मिलिमीटर अशीच लिहिलेली असते.

छर्ऱ्याचा नंबर चुकला तर छर्रे हवे त्यापेक्षा लहान-मोठे निघतात. बोअर चुकला तर जिवावर बेततं. २० बोअरचं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं. मागून पाहणाऱ्याला काडतूस भरलेलंच दिसत नाही, म्हणून तो मागे १२ चं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते. अमेरिकेत २० बोअरची काडतुसं पिवळी करण्याची रीत याच भीतीपोटी पडली. घरात दोन्ही बोअरच्या बंदुका असतील तर त्यांची काडतुसं एका खिशात कधीच घालू नयेत.